गैरमुलकी

मी परदेशात शिकले असं म्हटलं की आमच्या घरातली पोरं हसतात. त्यांच्या लेखी परदेश म्हणजे विमानानं जायची जागा. मी गेले होते बैलगाडीनं, आणि थोडा रस्ता बारशी लाइनच्या छोट्या गाडीनं. पण राज्य दुसरं होतं, नाणं दुसरं होतं, कचेरीची भाषा दुसरी होती, आणि पुढं पुढं तर परत यायचा रस्ताही उरला नव्हता.

आमचं गाव बारशी तालुक्यात, इंग्रजांच्या हद्दीत. पलीकडं निजामाचं राज्य. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला मोगलाई म्हणायची. वडील गावच्या शाळेत मास्तर होते. आई मी लहान असतानाच गेली. गावात मुलींना चौथीपुढं शिकायची सोय नव्हती, आणि मला शिकवायचंच असं वडिलांच्या मनानं घेतलेलं. धाराशिवला माझी आत्या होती. तिला मूलबाळ नव्हतं. पोरीला माझ्याकडं पाठवा, इथं मुलींची शाळा आहे, असा तिनं निरोप धाडला आणि माझं जाणं ठरलं.

हद्दीवर करोडगिरीचा नाका होता, म्हणजे निजामाची जकात. शिपायानं माझी ट्रंक उघडायला लावली, आईच्या लुगड्यांच्या घड्या उलगडून पाहिल्या आणि कशाबशा परत कोंबल्या. वडिलांनी त्याला काही विचारलं, तर तो उर्दूत बोलला. आमच्या गावात ज्यांच्यापुढं सगळे आवाज खाली करून बोलायचे, ते माझे वडील तिथं नुसती मान हलवत हसत उभे राहिले. ते मला फार लागलं.

आत्याचं घर धाराशिवच्या एका बोळात होतं. तिच्या यजमानांना मी मामा म्हणायची. ते अदालतीत तर्जुम्याचं काम करायचे, मराठी कागदाचं उर्दू आणि उर्दू कागदाचं मराठी. बोळातली सगळी घरं माळवदाची, मातीच्या सपाट छताची, आणि एकमेकांना इतकी चिकटलेली की एका माळवदावरनं दुसऱ्यावर नुसता पाय टाकून जाता यायचं. उजव्या हाताच्या घरात एक अरब जमादार राहायचे. ते सरकारी खजिन्याच्या पहाऱ्यावर होते. लहानपणी चुलत्याचं बोट धरून समुद्रापलीकडच्या मुकल्ला नावाच्या बंदरातनं ते हैदराबादेला आले, आणि तिथनं इकडं. बायको नळदुर्गची, तिची बोली दखनी. समोरचं घर एका लिंगायत अडत्याचं. त्यांच्या घरात कानडी चालायची आणि दारात मराठी. या दोन्ही घरांत माझ्याच वयाची एकेक मुलगी होती.

शाळेत सगळं उर्दूत. पहिल्या दिवशी मी पुस्तक उलट्या बाजूनं उघडलं आणि वर्ग हसला. शेजारी जमादारांची लेक बसली होती, ती हसली नाही. तिनं पुस्तक माझ्या हातातनं काढून घेतलं, फिरवलं आणि माझं बोट धरून उजवीकडच्या पहिल्या अक्षरावर ठेवलं. घरी येताना वाटेत तिनं मला भाजीवालीचं दुकान, दर्ग्याकडं जायची वाट आणि कुठलं कुत्रं चावतं ते सगळं दाखवलं. तिची मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज होती. बोलताना मधेच हौ, नक्को यायचं, पण भांडायची ती मराठीतच. अडत्याची लेक तिच्या उलट, अगदी मऊ. हिशेबात हुशार. ती आम्हाला कानडी शब्द शिकवायची आणि अर्थ विचारला की तोंडाला पदर लावून पळायची. मग आम्ही ते शब्द तिच्या आईसमोर बोलायचो आणि ओरडा खायचो.

संध्याकाळी आम्ही तिघी माळवदावर. खाली जमादारसाहेब खलबत्त्यात बुंद, म्हणजे कॉफीच्या बिया, आणि सुंठ कुटत बसायचे. तो वास वर आला की त्यांची लेक उतरून कहव्याची एक वाटी घेऊन यायची आणि एकटीच प्यायची. आम्हा दोघींना त्या घरचं चालत नव्हतं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट, बरंच आहे, मला जास्त मिळतो, म्हणायची.

मग तिकडं इंग्रज गेले. इकडं निजामानं आपलं राज्य वेगळंच ठेवायचं ठरवलं. शाळेत एक दिवस मोठ्या बाई वर्गावर आल्या आणि म्हणाल्या, गैरमुलकी कोण असेल तिनं उभं राहावं. मुलकी म्हणजे या राज्यातला, गैरमुलकी म्हणजे बाहेरचा. मी एकटीच उभी राहिले. बाई स्वभावानं चांगल्या होत्या, त्यांनी लगेच मला खाली बसवलं. पण माझे कान तापले ते तापलेच.

जमादारांची लेक हळूच म्हणाली, "माझे अब्बा समिंदरापलीकडचे, तरी मी मुलकी. तू त्या डोंगरापलीकडची आणि परकी. हे कसं गं?"

मामांना विचारलं तर ते म्हणाले, असलं काही बोळात बोलायचं न्हाय.

दिवाळीला वडील मला न्यायला यायचे होते. आले नाहीत. नाक्यावर आता जकातीच्या शिपायांबरोबर बंदुकवाले उभे होते. जनावरांच्या बाजाराला जाणाऱ्या एका माणसानं वडिलांचा निरोप आणला की रस्ता बरा झाला की येतो, तोवर आहेस तिथं राहा. रस्ता काही बरा झाला नाही. रॉकेल मिळेना, कापड मिळेना. खेड्यापाड्यांतून वाईट बातम्या यायला लागल्या. खाकी कपडे घातलेल्या टोळ्या हिंडत होत्या. हद्दीलगतची गावं ओस पडायला लागली, माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बारशी-सोलापूरकडं निघाली. आत्याला संक्रांतीच्या सुमारास दिवस गेले, इतक्या वर्षांनी. हकिमांनी तिला गाडीत बसायची सक्त मनाई केली. त्यामुळं आमचं घर कुठं हलणार नव्हतं, आणि मला एकटीला कोण पाठवणार.

थंडी संपता संपता एका संध्याकाळी अडत्याची लेक माळवदावर आली. मला म्हणाली, इकडं ये, वेणी घालते. तेल आणलं नव्हतं, नुसती फणी. तिनं माझे केस सोडले, विंचरले, वेणी घातली, परत सोडली आणि परत घातली. जमादारांची लेक तिची थट्टा करत होती की आज काय लग्न आहे का हिचं. अंधार पडायला लागला तशी ती उठली. मी विचारलं, उद्या येतेस ना? ती म्हणाली, "बघू."

सकाळी समोरच्या दाराला कुलूप होतं. भल्या पहाटे ते सगळे निघून सोलापूरकडं गेले होते. बापानं बजावलं असणार की कुणाला चकार शब्द सांगायचा नाही. मला ते तेव्हा कळलं नाही. मी दिवसभर त्या कुलपाकडं बघून रागानं रडले. जमादारांची लेक रडली नाही. ती म्हणाली, "सांगून गेली असती तर आपण तिला जाऊ दिलं असतं का?"

पुढं शाळाच बंद झाली. उन्हाळा आला. मामा रोज रुमी टोपी घालून अदालतीत जायचे आणि आले की दाराला आडणा घालायचे. मला उंबऱ्याबाहेर जायची बंदी. माळवदावरही दुपारी जायचं नाही, कुणाच्या नजरेस पडायचं नाही. छताला उजेडासाठी एक साणं होतं, तेवढ्या चौकोनातनं आभाळ दिसायचं. मी त्या उजेडाच्या तुकड्याबरोबर घरात फिरायची. सकाळी तो देवळीवर असायचा, दुपारी जात्यावर, मग उतरंडीवर चढायचा.

एक दिवस दुपारी मामा अदालतीत असताना बोळाच्या तोंडाशी आरडाओरड झाली. खाकीवाले आले होते. बाहेरनं आलेली, पलीकडच्या मुलखातली माणसं कुणाकुणाच्या घरात लपलीत ते ते धुंडाळत होते. मी साण्याखाली उभी होते, तेवढ्यात वरनं जमादारांच्या बायकोचा हात खाली आला. मी त्यांना खाला म्हणायची. त्यांनी मला वर ओढून घेतलं. माळवदावरनं सरपटत आम्ही त्यांच्या घरात उतरलो. त्यांनी मला लेकीचा सलवार-कुडता चढवला, कपाळ ओल्या फडक्यानं पुसलं, डोक्यावरनं ओढणी घेतली आणि चुलीपुढं बसवलं. लेक माझ्याशेजारी येऊन बसली. तिनं माझा हात आपल्या ओढणीखाली घट्ट धरला.

जमादारसाहेब दारात बाजेवर बसले होते. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. टोळीतल्या कुणीतरी विचारलं, आत कोण आहे. ते उठलेही नाहीत. शांतपणे म्हणाले, "अंदर मेरी दो बेट्यां हैं."

तो माणूस म्हणाला, तुम्हाला तर एकच मुलगी. जमादारसाहेब म्हणाले, "मैं बोला ना, दो हैं. मेरे मरे बिगर कोई अंदर नै जाता."

खाकीवाले गेले. शेजारी आत्याच्या घरात शिरले, डबे पालथे घातले, पण अदालतीतल्या माणसाचं घर आणि गरोदर बाई पाहून परत फिरले. त्या दिवसापासनं मी जमादारांच्या घरीच राहायला लागले. तेच ठरवलं सगळ्यांनी मिळून. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं काही नव्हतंही.

खालांनी माझ्यासाठी नवी चूल मांडली, कुंभाराकडनं नवं गाडगं आणलं. त्यात माझं वरण-भात वेगळं शिजायचं. मला जमादारसाहेबांनी दुसरं नाव ठेवलं आणि त्या नावानं हाक मारली की लगेच वळून बघायची सवय लावली. झोपेतसुद्धा. त्या घरात मला कुणी कधी टाकून बोललं नाही. तरी मला सांगितलं पाहिजे की त्या मायेतही माझा जीव घुसमटायचा. आत्या भिंतीपलीकडं खोकलेली ऐकू यायची आणि मी ओ देऊ शकायची नाही. माझ्या स्वतःच्या नावानं मला कुणी हाक मारत नव्हतं. रात्रंदिवस ते एक खोलीभर घर, त्यात चुलीचा धूर, आणि आम्ही दोघी.

एकदा ती माझ्यावर भडकलीच. मी कोनाड्यातलं तिचं काजळ सांडलं होतं, एवढंच निमित्त.

"तुझ्यापायी मला बी कोंडून घातलंय," ती म्हणाली. "मावशीकडं नळदुर्गला जायचं होतं मला. दर्ग्याला जायचं होतं. तू जा तुझ्या घरी."

"रस्ता दाखव, जाते," मी म्हटलं.

दिवसभर एकमेकींकडं पाठ करून बसलो. पण खोली केवढीशी, पाठ करून तरी किती लांब जाणार. संध्याकाळी तीच आली आणि माझ्या पायाला पाय लावून बसली.

भादव्यात एक दिवस आभाळात विमानं घुमली. मग सोलापूरच्या बाजूनं फौजा आल्याचं कळलं. बोळात माणसं धावायला लागली, कुणी आनंदानं, कुणी जीव घेऊन. मामांनी येऊन दार वाजवलं आणि माझ्या खऱ्या नावानं मला हाक मारली. मी वळले नाही. ती म्हणाली, "अगं, तुलाच बोलावतायत."

मी बाहेर आले आणि त्या घराचं दार आतनं लागलं.

आता ते कोंडले गेले. खेड्यापाड्यांत पूर्वी जे एका बाजूनं झालं ते आता दुसऱ्या बाजूनं व्हायला लागलं होतं. बोळातली माणसं, जी वर्षानुवर्षं जमादारसाहेबांना सलाम करायची, ती त्यांच्या दारावरनं जाताना थुंकायला लागली. त्यांनी आपली बंदूक आणि कमरेचा जंबिया स्वतः कचेरीत नेऊन दिला. दुसऱ्याच दिवशी शिपाई आले आणि त्यांना घेऊन गेले. गावाबाहेर कापसाच्या जिनिंगची मोठी पडवी होती, तिथं अरब आणि पठाण, जे जे परमुलखातनं आलेले, त्यांना आणून ठेवलं होतं.

मामा फौजेच्या साहेबाला भेटले. या माणसानं माझी भाची वाचवली, असं त्यांनी सांगितलं. साहेबानं ऐकून घेतलं, त्यांना चहा दिला आणि म्हणाला, परदेशी माणसांना त्यांच्या देशात परत पाठवायचा हुकूम आहे, माझ्या हातात काही नाही. बायको-मुलगी इथल्याच, त्यांना राहायचं तर राहू देत.

वडील आले ते त्याच आठवड्यात, चिखलातनं गाडी हाकत. केस पार पिकले होते. मला पाहून त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. लगेच निघू म्हणाले. मी म्हटलं, नाही. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते दारात उभं होतं आणि माझा पाय निघेना. वडिलांनी रागावून बघितलं, मग आत्याकडनं सगळं ऐकलं. त्यांना शाळेत हजर व्हायचं होतं. ते एकटेच परत गेले.

खाला नवऱ्याबरोबर जायला निघाल्या. त्यांनी लेकीला राहायचं तर राहा म्हटलं, नळदुर्गच्या मावशीनं ठेवून घेतलं असतं. आत्यानंही, आपलं पोटातलं बाळ सांभाळत, दारात उभं राहून सांगितलं की पोरगी माझ्याकडं राहील. असं आत्या बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी जिनिंगवर गेले तेव्हा ती जाळीच्या आत होती. आईला घेऊन तीही आदल्या दिवशीच आत गेली होती. मी तिला विचारलं, राहत का नाहीस.

ती म्हणाली, "अब्बांना तिकडची बोली सुद्धा नीट येत नाही आता. मी बघितलं ना इथं. दुसरे अरब बोलतात आणि ते नुसते हसतात. मान हलवतात. तिकडं त्यांच्याशी कोण बोलणार?"

जाळीला बोटं लावून आम्ही बराच वेळ उभ्या होतो. पहारेकरी काही म्हणाला नाही. आत बाया भांडी घासत होत्या, पोरं खेळत होती. जमादारसाहेब लांब एका खांबाला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघून हात वर केला, पण उठून आले नाहीत.

आत्यानं अडत्याच्या बायकोकडनं कडक भाकरी शिकून घेतली होती, पापडासारखी, महिना महिना टिकणारी. हकिमांचं न ऐकता ती जात्यावर बसली, ज्वारी दळली, तीळ लावून भाकऱ्या थापल्या आणि स्वच्छ धुतलेल्या धडप्यात बांधल्या. बोटीवर खायला काय मिळेल आणि काय नाही, असं म्हणत होती. ज्या घरचं पाणी तिनं कधी घेतलं नाही त्या घरासाठी ती दिवसभर तव्यापुढं बसली.

त्यांना येडशीवरनं छोट्या गाडीनं नेणार असं कळलं. कुर्डुवाडीला गाडी बदलून मुंबई, आणि तिथनं बोट. ती गाडी आमच्याच गावावरनं जायची. मामांनी साहेबाला विचारून मला त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यात बसवून दिलं आणि वडिलांना निरोप धाडला. आत्याच्या घरनं निघताना मी माळवदावर एकदा जाऊन येते म्हटलं. वर काही नव्हतं. शेवाळ आलेलं.

येडशीला त्यांना ट्रकमधनं आणलं. त्यांच्या डब्याच्या दोन्ही दारांत शिपाई. गाडी हळूहळू चालणारी, दर स्टेशनाला पाणी पीत थांबणारी. गाडी थांबली की मी उतरायची आणि त्यांच्या खिडकीपाशी जायची. खिडकीला गज होते. भाकऱ्यांचं गाठोडं मी गजांतनं आत सरकवलं तर ते मावेना, मग एका शिपायानंच घेऊन आत दिलं. घाटातनं गाडी उतरताना ती गजाला गाल लावून बाहेर बघत होती. कधी पाहिला नव्हता तिनं तो मुलूख. मी वर्षभर याच वाटेसाठी तडफडले होते, आणि आता हीच वाट तिला ओढून नेत होती. दोन डब्यांच्या मधे दार नव्हतं.

हद्दीवरचा नाका आला. तिथं आता कुणी नव्हतं. झोपडी मोडून पडली होती.

आमचं स्टेशन म्हणजे एक टपरी आणि लिंबाचं झाड. वडील उभे होते. मी ट्रंक खाली टाकली आणि धावत खिडकीशी गेले. तिनं गजांतनं हात बाहेर काढला.

"हे तुझं गाव?" ती म्हणाली.

"हे."

"एवढंसंच आहे की." मग म्हणाली, "चांगलं आहे."

खाला मागनं काही म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. जमादारसाहेब पुढं वाकले आणि त्यांनी मला त्या घरातल्या नावानं हाक मारली, जे त्यांनीच ठेवलं होतं. मी लगेच वळून बघितलं. ते हसले. शिट्टी झाली. तिचा हात माझ्या हातात होता तोवर मी गाडीबरोबर चालले, मग पळाले, मग रुळाशेजारची खडी संपून चिखल लागला.

अडत्याची लेक मला पुढं सोलापुरात भेटली, आमचं जाणंयेणं अजून आहे. जमादारांच्या लेकीचं काही कळलं नाही. हजला गेलेल्या धाराशिवच्या एका माणसाकडनं विचारून पाहिलं, त्यानं मुकल्ल्याची माणसं भेटली म्हणून सांगितलं, पण ती नाही.

त्या दिवशी स्टेशनवरनं घरी जाताना वडील माझी ट्रंक खांद्यावर घेऊन पुढं चालत होते. ते म्हणाले, पाय घसरेल, जपून ये. मी म्हटलं, "हौ, आती."

वडील थांबले. मागं वळून बघितलं आणि पुन्हा चालायला लागले. घरी गेल्यावर त्यांनी पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं सताड उघडी टाकली. वारा आरपार येत होता. ते बाहेर हातपाय धुवायला गेले, तसं मी उठून दोन्ही लावून घेतली आणि भिंतीशी जाऊन बसले.